अय्युब सर घरी आले होते

आमच्या क्लबमध्ये एखाद्या मुलाला काढलं, असं कोणी म्हणत नाही. "त्याचं काय झालं?" असं विचारलं की पोरं एवढंच सांगतात, "सर घरी आले."

सर म्हणजे अय्युब हळदे. मूळचे म्हसळ्याकडचे, राहायला तळोज्याला, आणि सीवूड्सच्या खाडीकडच्या हॉकीच्या टर्फवर गोलकीपरना शिकवणारे. उंच, रुंद खांद्याचे, दाढीला मेंदी. तरुणपणी गोलमध्ये उभे राहून राहून त्यांचा उजवा गुडघा कायमचा आखडला. जिना चढताना ते डावा पाय वरच्या पायरीवर टाकतात आणि उजवा ओढून त्याच्या शेजारी आणतात. तो आवाज क्लबमधली सगळी मुलं ओळखतात. ओळखायला शिकावंच लागतं.

दर मे महिन्यात क्लबला ठरवावं लागतं, कोणाला ठेवायचं आणि कोणाला सोडायचं. हेड कोच प्रसाद दोन दिवस ट्रायल घेतो, मग बंद खोलीत बैठक होते. मी कॉम्प्युटर इंजिनीअर, ऐरोलीला नोकरी करतो आणि शनिवार-रविवार क्लबच्या मॅचचे व्हिडिओ कापून देतो. म्हणून लॅपटॉप घेऊन मलाही त्या खोलीत बसवतात. पडद्यावर एखादी मुलगी धावत असते आणि खोलीत आवाज येत असतो, "ठेवूया", "सोडूया". भाजी निवडताना असतो तसा. त्यात कोणी दुष्ट नसतं. टर्फची वेळ थोडी, स्टिक थोड्या, नावनोंदणीच्या जागा त्याहून थोड्या.

बाकीच्या क्लबांत निकाल मोबाइलवरच्या ग्रुपवर टाकतात. आमच्याकडे अय्युब सर रविवारी त्या मुलाच्या घरी जातात. हा नियम क्लबचा नाही, त्यांचा स्वतःचा आहे. त्यांना सतराव्या वर्षी एका टीमने सोडलं तेव्हा कोणीच काही सांगितलं नव्हतं. सकाळी प्रॅक्टिस करून ते हॉस्टेलच्या मेसमध्ये जेवायला बसले. वाढपी सगळ्यांना वाढत आला आणि त्यांच्यापाशी येऊन म्हणाला, "तुझी थाळी आजपासून बंद आहे, तुला माहीत नाही का?" ते सांगताना सर अजूनही हसतात, पण कोणाकडे न बघता.

घरी जाण्याची त्यांची एक पद्धत ठरलेली. गुडघ्यामुळे ते माझ्या स्कूटरवर मागे बसून येतात. घरात शिरल्यावर पाणी घेतात, चहा घेत नाहीत. "आधी चहा प्यायचा आणि मग असलं सांगायचं, तर त्या बाईने तो चहा कुठे ओतायचा?" बापाला नाही, आधी मुलाला सांगतात, नाव घेऊन, त्याच्याकडे बघून. खेळात नेमकं काय कमी पडलं ते सांगतात. "पुढच्या वर्षी बघू" असं खोटं कधी बोलत नाहीत. मग कोणी रडतं, कोणी भांडतं. नेरूळला एका बापाने जिन्यात त्यांची कॉलर धरली होती. सर तसेच उभे राहिले. त्याचा हात सैल झाल्यावर म्हणाले, "आता चहा चालेल."

याचा परिणाम व्हायचा तोच झाला. मैदानावर पोरं एकमेकांना चिडवू लागली, "नीट पास दे, नायतर सर चहाला येतील." बिल्डिंगच्या गेटवर मेंदीची दाढी दिसली की खेळणाऱ्या मुलांच्या आया गॅलरीतून आत जायच्या. सरांना हे कळत होतं.

यंदा त्यांच्या मुलीचं, मारियाचं लग्न ठरलं. पत्रिका छापून आल्या तेव्हा सर म्हणाले, "ज्या ज्या घरात मी सांगायला गेलो, त्या सगळ्या घरांत पत्रिका द्यायची. एकदा तरी त्यांच्या घरात चांगली बातमी घेऊन जाईन."

त्यांची बायको फातिमा पत्रिकांवर नावं लिहीत होती. तिने मान वर केली. "फोन करून जा. तुमी दारात दिसलात की लोकांच्या पोटात गोळा येतो."

"लग्नाचं फोनवर सांगू? मग येतील कशाला?"

"सांगायचं म्हनून नाय हो. आधी कळवायचं, मी लग्नाचं बोलायला येतोय, रडू नका."

सरांना हसू आलं. फोन मात्र केले नाहीत.

पहिल्यांदा आम्ही सानपाड्याला गेलो, नौमानकडे. त्याला सोडून दोन वर्षं झाली होती. त्याच्या आईने दार उघडलं, सरांना बघितलं आणि कपाळाला हात लावला. "सर, आता तर तो खेळतसुद्धा नाही. आता कशातून काढताय?"

आतून न्हाणीघराच्या दाराची कडी लागल्याचा आवाज आला. नौमानचा धाकटा भाऊ आमच्या क्लबमध्ये नुकताच यायला लागला होता, तो आत लपला. सरांनी पत्रिका काढून दाखवली तरी बाहेर येईना. शेवटी सरांनी कार्ड दाराच्या फटीतून आत सरकवलं आणि म्हणाले, "वाच बाबा, तुझं नाव नाही त्यात. मारियाचं आहे." त्या घरात एवढं हसणं झालं की नौमानच्या आईने डोळे पुसले. तिने आम्हाला सांदणं खायला घातली. खाली उतरताना सर मला म्हणाले, "बघितलंस? आता ह्या घरात मी हसतपण जाऊ शकतो."

मग कळंबोली. ट्रायलच्या आधीचा रविवार होता तो.

कळंबोलीला सौरभचं घर. सौरभला चार वर्षांपूर्वी सोडलं होतं. आता तो लोखंड बाजारात एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसात कुठल्या मालाला कुठला ट्रक ते लावून देतो. वडील विलास ट्रेलर चालवतात, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. आई जयमाला एका पाळणाघरात कामाला. आणि सौरभची धाकटी बहीण सोनम आमच्याच क्लबमध्ये, मैदानाची उजवी बाजू सांभाळणारी राइट हाफ. बारीक, काळीसावळी, फारशी न बोलणारी. पण समोरून येणाऱ्या मुलीच्या स्टिकमधून बॉल ती असा काढून घ्यायची की त्या मुलीला दोन पावलं पुढे गेल्यावर कळायचं. शुक्रवारी तिची क्लिप लावली तेव्हा प्रसाद मला म्हणाला होता, "ही पुढे घे. हिला बघायची गरजच नाही. हिला ठेवायचीच."

सर तेव्हा शेजारी बसले होते. म्हणून कळंबोलीला जाताना त्यांच्या मनात काही आलंच नाही. सोनमला ठेवायचं ठरलेलं, निवड तर अजून व्हायची होती, आणि पत्रिका सौरभच्या घरी द्यायची होती. दोघांचं घर एकच आहे हे त्यांना माहीत होतं, पण त्या दुपारी सुचलं नाही. मलाही नाही.

दाराला कुलूप होतं. मी म्हटलं, "कडीला अडकवून जाऊया."

"कडीला दूधवाल्याचं बिल अडकवतात," सर म्हणाले. "लग्नाची पत्रिका माणसाच्या हातात द्यायची. परत येऊ."

जिन्याच्या तळाशी सखूआजी सुकटीची टोपली घेऊन बसते. ती रोडपालीची आगरीण. तिने विचारलं, "कोन पायजे?"

"सौरभच्या आईला सांगा, अय्युब सर येऊन गेले. परत येतील."

एवढंच बोलले. कार्ड पिशवीत, पिशवी खांद्याला. तिने मान हलवली.

त्या संध्याकाळी क्लबच्या ग्रुपवर दिसलं की सोनम ग्रुपमधून बाहेर पडली. कोणी लक्ष दिलं नाही. पोरं फोन बदलतात, बाहेर जातात, परत येतात.

मंगळवारी ट्रायलला सोनम आली नाही. फोन बंद. आईचा नंबर क्लबकडे नव्हता. वडिलांचा होता, तो लागेना. सौरभचा सरांकडे होता तो चार वर्षांपूर्वीचा, तो आता वाशीतल्या कुठल्यातरी बाईकडे निघाला. सरांनी दोन मुलींना मेसेज टाकायला सांगितले, तेही पोचले नाहीत.

"मी संध्याकाळी कळंबोलीला जाऊन येतो," मी म्हटलं. "तुम्ही पण चला."

"नको, वेडा आहेस का? ट्रायलच्या दिवशी मी तिच्या दारात उभा राहिलो तर ताप आलेली पोरगी बेशुद्ध पडेल. तूपण नको जाऊ, तुझी स्कूटर बघितली तरी ओळखतील. ताप असेल. उद्या येईल."

बुधवारीही ती आली नाही.

त्या संध्याकाळच्या बैठकीत प्रसादने तिच्या नावावर बोट ठेवलं. तो तरुण आहे, कोचिंगचे सगळे कोर्स केलेला, आणि मुलींशी सरळ वागतो. "अय्युबभाई, एक दिवस नाही, दोन्ही दिवस आली नाही. ग्रुप सोडला. निरोप नाही."

"काहीतरी झालं असेल. एक दिवस थांब."

"नावं आज रात्री संघटनेकडे जायची आहेत. आणि मागच्या वर्षी शायमाला आपण कशासाठी सोडलं? मावसबहिणीच्या निकाहला गेली, ट्रायल चुकवली म्हणून. तिच्या घरी कोण गेलं होतं सांगायला?"

शायमाच्या घरी सरच गेले होते.

"मला काय आनंद होतोय का?" प्रसाद म्हणाला. "माझी राइट हाफ जातेय. पण मुलीला यायचंच नसेल तर मी काय पालखी पाठवू?"

सोनमच्या जागी श्रुतीचं नाव गेलं. श्रुती घणसोलीची, खेळायला बरी, मेहनतीला चांगली. तिला फोन केला तेव्हा पलीकडून तिच्या बाबांनी अख्ख्या घराला ओरडून सांगितलेलं आम्हाला ऐकू आलं.

रविवारी आम्ही परत कळंबोलीला गेलो. या वेळी सर नेहमीच्या कामाला निघाले होते. स्कूटर लावली, जिन्याशी आलो, तर सखूआजीने टोपलीवरून मान वर केली.

"आवं, तुमी त मागल्या आयतवारीच आल्ता ना? आता परत कनाला?"

सर थांबले. "मागच्या रविवारी? तेव्हा कोणी नव्हतं घरी."

"मी सांगलंय ना पोरीला, तुजं मेंदीचे दारीवालं सर येऊन गेलं म्हून. आयकलं नि थयच बसली पायरीवर. मी म्हनलं, आगं काय झायलं? त म्हने, आजी, टायलच्या आदीच माजं झालं. दोन दिस पोर धर जेवली नाय. काठी पन माल्यावर टाकली."

सरांनी कठड्याला हात लावला. मला वाटलं गुडघा दुखतोय. सखूआजी माझ्याकडे बघून म्हणाली, "पानी देव का?"

"चला, परत जाऊ," मी हळूच म्हटलं. "आता काय सांगणार तिला? तिला वाटतंय काढलं. झालंही तेच. तिला जेवढं माहीत आहे तेवढंच राहू दे."

सर माझ्याकडे वळले. "आणि ती आयुष्यभर समजणार, आपण खेळायला कमी पडलो. ते राहू दे?"

मग जिना चढायला लागले. डावा पाय, मग उजवा. वरच्या मजल्यावर दार आम्ही पोचायच्या आधीच उघडलं.

सौरभ दारात होता. आत जयमालाताई, आणि खिडकीशी सोनम, हातात मोबाइल. जयमालाताईंनी पाणी आणलं. सरांनी ग्लास घेतला, पण प्यायले नाहीत.

सोनमच बोलली. "सर, तुमी मागच्या रविवारी आलावतात ना. मला कळलं. परत नव्हतं यायला पाहिजे."

"सोनम, मागच्या रविवारी मी तुला सांगायला आलो नव्हतो."

"मग?" जयमालाताईंनी विचारलं. "मग कशाला आला होतात?"

सरांना पिशवीतून पत्रिका काढावी लागली. त्यांनी ती उभ्यानेच पुढे केली. "मारियाचं लग्न आहे. सौरभला आणि तुम्हाला बोलवायला आलो होतो. दार बंद होतं म्हणून..."

जयमालाताईंनी सवयीने पदराला हात पुसला आणि दोन्ही हातांनी पत्रिका घेतली. "छान झालं," त्या म्हणाल्या. "कुठे दिली?" सर म्हणाले, "श्रीवर्धनला." आणि मग जयमालाताईंना समजलं आपण काय ऐकलं ते. त्या पत्रिका धरून तशाच खाली बसल्या.

"म्हणजे मी होते?" सोनमने विचारलं.

"होतीस. प्रसाद सर म्हणाले होते, हिला बघायची गरजच नाही."

"ट्रायलच्या आधी?"

"आधी."

"मग आता?"

"आता नाहीस. दोन्ही दिवस आली नाहीस. नावं गेली. तुझ्या जागी श्रुती आहे."

सोनमने मोबाइल सोफ्यावर टाकला. "तुमी फोन का नाय केला?"

"केला. बंद होता."

"मग घरी का नाय आलात? दोन दिवस होते! दोन दिवस मी इथंच पडलेवते!"

सर म्हणाले, "तू घाबरशील म्हणून."

खालून ट्रकचा हॉर्न वाजत होता, एकसारखा. सौरभ इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता, तो पुढे आला. त्याचा आवाज चढला नाही, तेच वाईट वाटलं.

"सर, मला सांगायला तुमी आलावतात तेव्हा मी तुमच्या पाया पडलोवतो. मला वाटलेलं, एवढा मोठा माणूस आपल्या घरी येऊन सांगतो, आपली काहीतरी किंमत आहे. चार वर्षं मी लोकांना हेच सांगतोय. पण तुमी गेल्यावर हिने काय केलं माहितीय? तेव्हा बारकी होती. दर मे महिन्यात रविवारी दुपारी ही घरात थांबायची नाय. मैत्रिणीकडे, देवळात, कुठंपण. म्हणायची, मी घरात नसले तर सर सांगणार कोणाला." तो थांबला. "यापुढे कोणाच्या घरी जाऊ नका, सर."

"नाही जाणार," सर म्हणाले.

सोनम रडत नव्हती. तिने विचारलं, "पुढच्या वर्षी ट्रायल देता येईल?"

मला मनापासून वाटलं, या एका वेळी तरी त्यांनी "बघू" म्हणावं.

"वय बसणार नाही," सर म्हणाले. "मुलींचा वरचा गट आपल्या क्लबकडे नाही. मी दुसरीकडे बोलेन. पण तिथली निवड झालेली आहे, या वर्षी काही होणार नाही. पुढचं मला माहीत नाही."

"ठीक आहे." ती खिडकीकडे वळली. पाठ आमच्याकडे करूनच म्हणाली, "सगळ्या मुलींना वाटतंय मला काढलं. त्यांना सांगा. मला काढलं नव्हतं. तेवढं सांगाल?"

"उद्याच सांगतो."

आम्ही निघालो तेव्हा जयमालाताई उठल्या नाहीत. चहाचं कोणी विचारलं नाही. जिना उतरताना सर मध्येच थांबले आणि म्हणाले, "हिला दर वर्षी रविवारची धास्ती होती, आणि मी रोज तिला सकाळी सलाम करत होतो."

सोमवारी सकाळी टर्फवर पाणी मारून झालं होतं. निवडलेल्या मुली नव्या जर्सी घालून ओळीने उभ्या होत्या. सरांनी प्रसादला विचारलं, दोन मिनिटं बोलू का. मग ते त्यांच्यासमोर उभे राहिले.

"सोनमला क्लबने काढलं नव्हतं," ते म्हणाले. "तिला ठेवायचं ठरलं होतं. मी माझ्या घरच्या लग्नाची पत्रिका द्यायला तिच्या घरी गेलो. तिला वाटलं, मी काढायला आलो. म्हणून ती ट्रायलला आली नाही. तिची चूक नाही. चूक माझी आहे. तुम्ही कोणी तिला भेटलात तर असंच सांगा."

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने तोंडावर हात धरला. ओळीच्या टोकाला श्रुती होती. तिची जर्सी तिला थोडी मोठी होत होती, बाह्या तिने दुमडल्या होत्या. तिने हात वर केला, वर्गात करतात तसा.

"सर," ती म्हणाली, "मग मी जाऊ का?"

सरांनी प्रसादकडे बघितलं. प्रसाद खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता, ती आधीच बांधलेली होती.

"नाही बेटा," सर म्हणाले. "तू राहा."

"पण सर, ती चांगली आहे. माझ्यापेक्षा."

श्रुतीचा हात अजून वरच होता, तो तिने हळूहळू खाली घेतला. प्रसादने शिट्टी वाजवली. मुली धावत आपापल्या जागांवर गेल्या. श्रुती उजव्या बाजूला गेली, नेमकं कुठे उभं राहायचं ते तिला कळेना, म्हणून एकदा पुढे सरकली, एकदा मागे. अय्युब सर पलीकडच्या गोलपाशी गेले, गुडघा ओढत, आणि तिथून ओरडून तिला सांगू लागले, "अजून आत. अजून थोडी आत, बेटा. हां, तिथे. तीच जागा."